भट्टीवहिनीचं कडवं

लग्न होऊन ती त्या गल्लीत आली तेव्हा तिला स्वतःचं एक नाव होतं, पण ते फार टिकलं नाही. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला, म्हणून तो भट्टीवाला आणि ती भट्टीवहिनी. पुढे पगाराच्या पावतीवर सही करतानाच काय ते तिला आपलं नाव आठवायचं.

बेकरीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, त्या मालकाने त्यांना राहायला दिल्या होत्या. स्वयंपाकघराची भिंत आणि भट्टीची पाठ एकच. उन्हाळ्यात त्या भिंतीला शिव्या घालायच्या आणि थंडीत पाठ टेकायची. कपडे त्या भिंतीवर तासाभरात वाळायचे, पण सगळ्यांना पावाचा वास यायचा. नवरा पहाटेपासून लांब दांड्याचं फावडं घेऊन भट्टीच्या तोंडाशी उभा, आणि ती सकाळी इस्पितळाच्या धुलाईखान्यात. तिथे तिचं काम चादरींच्या घड्या घालायचं. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, चादरीची टोकं धरायची, एक झटका द्यायचा, पुढे यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे जायचं. दिवसभर हेच. नवीन आलेल्या बायकांना वाटायचं हे सोपं आहे. दुपारपर्यंत त्यांचे खांदे भरून यायचे.

भट्टीवाला कमी बोलायचा. लग्नाआधी तिच्या मावशीने सांगितलं होतं, "पोरगा घुमा आहे, पण गातो." ते खरं निघालं. भट्टीच्या धगीने त्याचा आवाज जरा भाजल्यासारखा झाला होता, खरखरीत, पण त्यात काहीतरी असं होतं की ऐकणारा हातातलं काम खाली ठेवायचा. तो फक्त खणक्याची गाणी म्हणायचा. दुसरं काही म्हण म्हटलं तर म्हणायचा, "मला येत नाही," आणि ते खोटं नव्हतं.

खणक्या कोण, कुठला, कधीचा, कुणाला ठाऊक नाही. विहिरी खणायचा, एवढंच सांगतात. खाली उतरून खणता खणता गायचा, आणि वर जो माणूस दोर धरून बसलेला असायचा, त्याला जेवढं ऐकू आलं तेवढी ही गाणी. लिहिणं-वाचणं त्याला येत नव्हतं. देवाचं नाव त्याच्या गाण्यात नाही. आत, आणखी आत, अंधार, ओल, दोर, हाका, एवढंच आहे. पण हमाल, गवंडी, धुणंवाल्या बाया ती गाणी पिढ्यान् पिढ्या म्हणत आल्या आणि ज्याने-त्याने त्यातून आपापलं पाणी काढलं.

बेकरी बंद असायची त्या दिवशी दुपारी पिठाच्या कोठारात मंडळी जमायची. पोत्यांना टेकून बसायचं. भट्टीवाला पुढे, मांडीवर एकतारी. शेजारी एक न्हावी डफ घेऊन, बोलायला वस्तऱ्यासारखा. बाजार-हमाल दोघे-तिघे, एक तरुण गवंडी. मागे दोन-तीन बायका, त्यात भट्टीवहिनी. पुढच्याने ओळ म्हणायची आणि मागच्यांनी तिची झील धरायची, म्हणजे ओळीचं शेवटचं टोक उचलून पुन्हा म्हणायचं. सगळ्यांच्या आवडीचं एक लांबलचक गाणं होतं. त्यात खणक्या एकेक पुरुष खाली उतरत जातो. पुरुष म्हणजे एक माणूस उभा राहील एवढी खोली, विहीर खणणाऱ्यांचं जुनं माप.

एक पुरुष खोल गेलो, माती लागली काळी,
आभाळ झालं ताटाएवढं, कुणी न देई हाळी.

मग भट्टीवाला म्हणायचा, "खोल खोल जाऊ दे रे," आणि मागून झील यायची, "दोर सोडू नको." प्रत्येक कडव्यानंतर हेच. न्हावी म्हणायचा, "वहिनी, घरीपण एवढंच बोलता का हो? मग दादांची मजा आहे." ती म्हणायची, "घरी एवढं बोलायलासुद्धा मिळत नाही." सगळे हसायचे, भट्टीवालासुद्धा. पोत्यांवर बसून डफ वाजवला की पीठ उडायचं आणि गाणं संपेपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. "झालो म्हातारे," न्हावी म्हणायचा, "चला आता घरी, सुना वाट बघत असतील." त्याचं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं.

त्यांना एक मुलगी झाली. सावळी, मोठ्या कपाळाची, बापासारखी घुमी अजिबात नव्हे. कच्ची कणीक चोरून खायची आणि पोट दुखलं की मालकाचं नाव सांगायची. कोठारात गाणं चाललं की एखाद्या पोत्यावर आडवी होऊन झोपायची. एका गोष्टीला मात्र भ्यायची, अंधाराला. झोपायची खोली आतली, तिला खिडकी नव्हती. आई दार लावायला गेली की अंथरुणातून रोज तेच: "आई, कडी नको लावू. नुसतं लोट." मग दाराच्या फटीतून बाहेरच्या दिव्याची एक पट्टी आत पडायची आणि तेवढ्यावर ती झोपून जायची.

सहावं सरत आलं तेव्हा तिला ताप आला. दोन दिवस घरी काढे, मग इस्पितळ. भट्टीवहिनी रोज ज्या वॉर्डातल्या चादरींच्या घड्या घालायची, त्याच वॉर्डात पोर पडून होती. डॉक्टरांनी प्रयत्न केले. कुणाकडून काही चूक झाली असं म्हणायला जागा नव्हती आणि ते जास्तच कठीण होतं, कारण राग धरायला कुणी सापडेना. पोर गेली.

त्यानंतर घरात एक नवीनच शांतता आली. भट्टीवाला आधीच कमी बोलायचा, आता नुसतं "हं" आणि "वाढ". एकतारी खुंटीला लटकली ती लटकलीच. पोरीचं नाव कुणी काढायचं नाही असं त्यांनी काही ठरवलं नव्हतं. पण एकदा जेवताना तिने ते काढलं आणि तो ताटावरून उठला, हात धुऊन भट्टीकडे गेला. भट्टी तेव्हा विझलेली होती. तो तसाच तिच्या तोंडाशी उभा राहिला. त्यानंतर तिने कधी काढलं नाही. पोरीचे दोन झगे तिने बहिणीकडे देऊन टाकले. दाराची कडी मात्र ती लावत नसे. तोही लावत नसे. ती कधी कुणी लावलीच नाही.

धुलाईखान्यात तिला कुणीतरी विचारलं, मुलांच्या वॉर्डातल्या चादरी दुसऱ्या कुणाला देऊ का. ती म्हणाली, "राहू दे." त्या चादरी लहान असतात, एकटीलाच घालता येते घडी. त्या घालता घालता तिच्या तोंडात दोन ओळी आल्या. तिने काही जुळवल्या नाहीत. चादरीला झटका दिला की पहिली, टोकं जुळली की दुसरी, अशा त्या चालीवर बसूनच आल्या. चाल अर्थातच खणक्याच्या त्या लांब गाण्याची होती, तिला दुसरी कुठली माहीत होती? दिवसभर त्या ओळी तोंडात घोळायच्या. घरी येताना बेकरीच्या कोपऱ्यावर ती त्या गिळून टाकायची.

काही महिन्यांनी न्हावी घरी आला, खुंटीवरची एकतारी काढली आणि भट्टीवाल्याच्या हातात दिली. "दादा," तो म्हणाला, "तू नाही आलास तर मी गाणार. मग गल्ली सोडून जातील लोक." भट्टीवाला हसला नाही, पण गेला.

कोठारात सगळे जरा जपूनच बसले होते. त्याने तेच गाणं धरलं. पहिलं कडवं झालं, दुसरं, तिसरं. आवाज लागला होता. पाच पुरुष खोल झालं, आणि सहाव्याच्या तोंडाशी तो अडला. ओळ आलीच नाही. झील म्हणून झाली, "दोर सोडू नको," पुन्हा म्हणून झाली, डफ वाजतोय, एकतारी वाजतेय, आणि तो मान खाली घालून गप्प. न्हाव्याने एकदा मागे बघितलं. तेव्हा मागून भट्टीवहिनीने म्हटलं. याआधी तिने कधी ओळ उचलली नव्हती, बायका उचलतही नसत. पण ती रिकामी जागा तिला बघवेना.

कडी नको लावू बाई, दार नुसतं लोट गं,
अंधाराला भिते पोर, तिला धरू दे बोट गं.

डफ क्षणभर चुकला. मग कुणीतरी झील धरली, भट्टीवाल्याने मान वर केली आणि सातवं कडवं म्हणून गाणं संपवलं:

सात पुरुष खोल गेलो, हाताला आली ओल,
खणक्या म्हणे, तहानच माझी निघाली एवढी खोल.

बाहेर पडताना न्हाव्याने विचारलं, "वहिनी, ते कडवं कुठून आणलंत? मी कधी ऐकलं नाही."

"माझी आई म्हणायची," ती म्हणाली. तिची आई मुकी नव्हती एवढंच, पण जन्मात कधी गायली नव्हती.

"खणक्या म्हणजे खणक्याच," न्हावी म्हणाला. "पोटच्या पोरासारखं ओळखायचा हो दुसऱ्याचं दुःख." आणि मग आपण काय बोललो ते कळून ओशाळला.

घरी आल्यावर ती वाट बघत राहिली की नवरा काही म्हणेल. आईचं म्हणून त्याला फसवता येणार नव्हतं. ते शब्द रोज त्यानेही ऐकले होते. तो काही म्हणाला नाही. पुढच्या खेपेला गाणं सहाव्यापर्यंत आलं. जुनं सहावं कडवं त्याने म्हटलंच, आणि त्याला लागून, तसंच, त्या खरखरीत आवाजात, "कडी नको लावू बाई." पुरुषाच्या तोंडी ते "गं" कुणाला खटकलं नाही. तिने मागून झील धरली.

तेव्हापासून असं झालं की त्या घरात पोरीचं नाव निघत नसे, पण आठवड्यातून एकदा, भर मंडळीत, ते दोघं तिच्याबद्दल बोलत. एकाने पुढून म्हणायचं, एकीने मागून धरायचं. घरी येऊन पुन्हा "वाढ" आणि "हं". लोकांना वाटायचं, बिचारे किती कोरडे झाले. तिला तसं वाटत नसे. तिला पुढच्या बंद दिवसाची वाट बघावीशी वाटे.

कडवं पसरत गेलं. गवंडी कामाला जायचा तिथल्या बिगारी बायकांनी उचललं. पलीकडच्या वस्तीतल्या मंडळीने उचललं. एकदा तर धुलाईखान्यात एक नवी बाई कॉस्टिक सोड्याच्या टाकीशी उभी राहून गुणगुणताना दिसली आणि म्हणाली, "खणक्याचं आहे हो, तुम्हाला नाही माहीत?" भट्टीवहिनी म्हणाली, "ऐकल्यासारखं वाटतंय." आत कुठेतरी तिला बरं वाटलं. आपली पोर लांब लांब फिरून येते असं काहीसं.

वर्षं गेली. न्हाव्याचे केस गेले, ज्याचं त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. हमाल पांगले. गवंडी चाळिशीला आला, चांगला गायला लागला. आणि एका पहाटे भट्टीवाल्याने न पेटवलेल्या भट्टीत पावांच्या लाद्या सारल्या आणि फावडं टेकून त्या भाजायची वाट बघत उभा राहिला. मालकाने हसण्यावारी नेलं. मग तो घरी यायची वाट चुकला, आणि घर म्हणजे भट्टीच्या मागे वळसा घालून जायचं एवढंच होतं. डॉक्टर म्हणाले, हे असंच होत जाणार, हळूहळू पुसत जाणार. भट्टीवर दुसरा माणूस आला. मालक भला माणूस, त्याने खोल्या काढून घेतल्या नाहीत.

पुसत जाण्याला काही क्रम नसतो हे तिने बघितलं. त्याला मालकाच्या बापाचं नाव आठवे आणि सकाळचा चहा घेतल्याचं आठवत नसे. तिला तो कधी वहिनी म्हणे, जसं लोक म्हणत तसं. पण गाणं जागच्या जागी होतं. एकतारी हातात दिली की सात पुरुष खाली उतरून सुखरूप वर यायचा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. ते कडवंसुद्धा.

अशात एके दुपारी कोठारात एक बाई आल्या. मोठ्या विद्यालयात शिकवायच्या, खणक्याच्या गाण्यांवर त्यांचं बऱ्याच वर्षांचं काम होतं. गावोगाव फिरून त्यांनी तीच गाणी शंभर तोंडांतून ऐकली होती. चप्पल बाहेर काढून त्या पोत्यावर बसल्या, डोकं-बिकं पिठाने भरलं तरी झटकलं नाही, चहा घेतला, आवाज टिपायचं यंत्र सुरू केलं आणि भट्टीवाला गात होता तोवर एक शब्द बोलल्या नाहीत. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले. लोकांना त्या आवडल्या. भट्टीवहिनीलाही आवडल्या.

नंतर भट्टीवाल्याला आत निजवून ती कपबशा गोळा करत होती, तेव्हा त्या जवळ आल्या. "एक विचारू का? ते 'कडी नको लावू' कडवं. ते तुमच्या मंडळीत कधीपासून आहे?"

"आहे बरेच दिवस."

"ते खणक्याचं नाही," त्या म्हणाल्या, अगदी हळू, दुखवू नये अशा बेताने. "बघा ना, अख्खं गाणं वर दोर धरणाऱ्याला उद्देशून आहे. 'जाऊ दे रे.' आणि इथे एकदम 'बाई', 'लोट गं'. विहिरीला दार नसतं, कडी नसते. शिवाय भाषा बघा, नवीन आहे, चाळीस-पन्नास वर्षांपलीकडची नाही. कुणीतरी बाईने घातलंय ते मधे. एखादी आई असणार." मग थोडं थांबून म्हणाल्या, "फार सुंदर आहे. पण त्याचं नाही, म्हणून पुस्तकात त्याच्या गाण्यात धरता येणार नाही. तुम्हाला काही कल्पना?"

भट्टीवहिनीच्या हातात चार कप होते. या बाईने इथे न राहता, पोरीला न बघता, नुसत्या शब्दांवरून तिला घराच्या आत येऊन गाठलं होतं. आजवर कुणी तिच्या इतकं जवळ आलं नव्हतं. ओठावर आलं होतं. पण मनात आलं, सांगितलं की ते मग माझं एकटीचं होईल, आणि माझं झालं की गाण्यात कशाला राहील? "असेल कुणा बाईचं," ती म्हणाली आणि कप धुवायला घेऊन गेली.

संध्याकाळी मात्र तिला राहवेना. ज्याला माहीत होतं असा जगात एकच माणूस होता. तो भिंतीला पाठ टेकून बसला होता. ती त्याच्यासमोर बसली.

"ऐकलंत का? आपल्या पोरीचं कडवं काढून टाकतील आता."

"कुणाच्या पोरीचं?"

"आपल्या."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आपल्याला पोर होती?"

तिला वाटलं इथे थांबावं. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारत होतं, आणि विचारणारा तोच होता. ती सांगत गेली. मोठं कपाळ, कच्ची कणीक, दाराची फट. सांगता सांगता तिने पोरीचं नाव घेतलं. तो ऐकत होता, चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत होतं, आणि मग त्याने विचारलं, "मग आता कुठे आहे ती?"

तिने सांगितलं. तो रडला. त्या वेळी, खरोखरीच ती गेली तेव्हा, तो रडला नव्हता. आता तो मोठ्याने, छाती पिटून, नुकतीच बातमी आल्यासारखा रडला. बेकरीतला नवा माणूस धावत आला. तिने त्याला दारातूनच परत लावलं आणि नवऱ्याला जवळ धरून बसली. सकाळी त्याला काहीच आठवत नव्हतं. आरशात बघून म्हणाला, "डोळे का गं सुजलेत माझे?"

"धूर गेला असेल," ती म्हणाली. त्यानंतर तिने पुन्हा कधी सांगितलं नाही.

बाईंचं पुस्तक निघालं, सोबत गाण्यांची तबकडी. भट्टीवाल्याचा फोटोही छापला होता. मागे टिपांमध्ये त्यांनी लिहिलं होतं की अमुक एक कडवं उत्तरकालीन, अज्ञात स्त्रीरचित, म्हणून मूळ गाण्यात धरलेलं नाही. गवंड्याने ते पुस्तक कापडात बांधून कोठारात आणलं. आता तोच पुढे बसायचा. भट्टीवाल्याला शेजारी बसवायचा, आदराने. गवंडी मनाचा सरळ होता, ओळंबा लावल्याशिवाय वीट न ठेवणारा. तो म्हणाला, "आपल्या उस्तादाचं नाव छापलंय. आता आपण चुकीचं गायलो तर त्यांची लाज जाईल." सगळ्यांना पटलं.

त्या दिवशी गाणं सहाव्या कडव्यापाशी आलं. गवंड्याने सहावं संपवून सातव्याची ओळ उचलली, आणि त्याच वेळी शेजारून भट्टीवाल्याने, "कडी नको लावू." दोन ओळी एकमेकींवर आदळल्या. गवंडी थांबला. हसून त्याने म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बाबा, ते नाही आता. ते सोडलं आपण." भट्टीवाला त्याच्याकडे बघत राहिला. पुन्हा सुरू केलं, "कडी नको लावू बाई." गवंड्याने पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा भट्टीवाल्याने तोंड उघडलं, पण ओळ आली नाही. तो इकडेतिकडे बघायला लागला, घराची वाट चुकला होता तेव्हा बघत होता तसा.

भट्टीवहिनी उठून उभी राहिली. "ते माझं आहे," ती म्हणाली. "आमच्या मुलीचं आहे. ती गेल्यावर मी घातलं. त्यांना गाऊ द्या."

म्हातारा न्हावी डफावर हात ठेवून तिच्याकडे बघत होता. "मला वाटायचं कधीकधी," तो पुटपुटला.

गवंड्याचे डोळे भरले. तो उठून तिच्या पाया पडला. "काकू, माफ करा. मला माहीत नव्हतं." आणि मग, खरंच विचारात पडून, तो म्हणाला, "पण मग ते तुमचं गाणं झालं ना. खणक्याचं कसं म्हणायचं आम्ही?"

तो चूक बोलत नव्हता. तिने नवऱ्याला हाताला धरलं आणि घरी नेलं.

भट्टीवाला त्यानंतर गायला नाही. एकतारी दिली तर तारेला बोट लावायचा आणि थांबायचा. तिने एकदा स्वतः म्हणून बघितलं, हळू, त्याच्या कानाशी. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "छान आहे. कुणाचं?" थंडीत त्याला छातीचा विकार झाला. भिंतीला लावून अंथरूण घातलं होतं. एका दुपारी, ती कामावरून यायच्या आत, तो गेला.

मंडळी आली. गवंड्याने पुढे बसून गाणं धरलं. सहावं झाल्यावर त्याने एकतारी थांबवली आणि जमलेल्या लोकांकडे वळून म्हणाला, "आता जे कडवं म्हणतोय ते आपल्या काकूंचं आहे. त्यांनी त्यांच्या लेकीसाठी रचलंय." सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. कुणी हात जोडले. मग त्यांनी ते म्हटलं, फार जपून, फार मऊ आवाजात, दुसऱ्याच्या घरचं काचेचं भांडं उचलावं तसं. तिने झील धरली नाही. ती नवऱ्याच्या पायांकडे बघत होती. तळवे अजून भट्टीच्या राखेने काळे होते, इतक्या वर्षांनीही ते निघाले नव्हते. ते कडवं तिच्या कानांवरून गेलं आणि त्यात तिची पोर कुठेच नव्हती. एक गुणी बाई तेवढी दिसत होती, जिचं सगळे कौतुक करत होते.

पुढे ती कोठारात गेली नाही. गवंडी दोनदा बोलवायला आला, बाईंनीही निरोप धाडला की दुसऱ्या आवृत्तीत तुमचं नाव घालते. "घसा गेलाय," ती सांगायची. बेकरी विकली गेली, नव्या मालकाने विजेची भट्टी आणली आणि मागची भिंत थंड पडली. ती धुलाईखान्याजवळ एका खोलीत राहायला गेली. निवृत्तीचं वय उलटलं होतं, पण घड्या घालायला माणूस मिळत नाही म्हणून तिला ठेवून घेतलं होतं.

तिच्यासमोर टोकं धरायला एक नवीन लग्न झालेली पोरगी आली. बडबडी होती. पहिल्याच आठवड्यात चादरीला झटका देत तिने विचारलं, "काकू, तुम्हाला मुलं किती?"

इतकी वर्षं या प्रश्नाला भट्टीवहिनी "नाहीत" म्हणत आली होती. त्याने बोलणं लगेच संपतं. ती टोकं घेऊन पुढे आली, पोरीच्या बोटांतली टोकं आपल्या हातात घेतली.

"एक होती," ती म्हणाली. "मुलगी."

पोरगी घाबरली. "अगं बाई. मी उगीच..."

"विचार ना. तिला कच्ची कणीक आवडायची. इतकी चोरटी होती, आणि पकडली की मालकाचं नाव सांगायची."

पोरगी कसंनुसं हसली. तेवढ्यात मागच्या यंत्राने वाफ सोडली आणि काही ऐकू येईना. भट्टीवहिनी पुढची चादर उचलून, आवाज चढवून, सांगत राहिली.